‘बेक’ चित्रपटात कोयुकीचा आवाज का ऐकू येत नाही?

पानगळ

नमस्कार. हॅरॉल्ड साकुइशी यांची ‘बेक’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांची, मालिका मी गेल्या वर्षी सलग वाचली. ३४ खंड संपल्यावर काही आठवडे दुसरे काही हाती धरावेसेच वाटले नाही, इतकी ती मुले मनात घर करून राहिली होती. त्यानंतर थोड्या भीतभीतच मी तिच्यावर बेतलेला, युकिहिको त्सुत्सुमी यांनी दिग्दर्शित केलेला २०१० चा चित्रपट पाहिला. त्यातल्या एका निर्णयाने मी अजून अस्वस्थ आहे, म्हणून हा प्रश्न विचारत आहे.

ज्यांनी मालिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तानाका युकिओ, म्हणजेच सर्वांचा कोयुकी, हा १४ वर्षांचा एक साधा शाळकरी मुलगा आहे. काही मुले एका विचित्र दिसणाऱ्या कुत्र्याला छळत असताना तो मध्ये पडतो आणि त्या कुत्र्याच्या मालकाशी, अमेरिकेत वाढलेल्या र्‍युसुके नावाच्या गिटारवादकाशी, त्याची ओळख होते. पुढे याच कुत्र्याच्या नावावरून त्यांच्या बँडचे नाव ‘बेक’ पडते. कोयुकी गिटार शिकतो आणि जवळजवळ अपघातानेच त्याच्या लक्षात येते की आपल्या गळ्यात काहीतरी आहे. तो गाऊ लागला की समोरचा माणूस हातातले काम विसरतो. सबंध कथा या एका गोष्टीवर उभी आहे.

चित्रपटात मात्र कोयुकी गायला उभा राहतो, त्याची भूमिका करणाऱ्या ताकेरु सातो यांचे ओठ हलतात, ऐकणाऱ्यांचे चेहरे बदलत जातात, संगीत सुरू असते आणि आवाज तेवढा ऐकू येत नाही. पहिल्यांदा हे घडले तेव्हा मला वाटले की माझ्याकडच्या प्रतीतच काही दोष असावा. शेवटच्या ‘ग्रेटफुल साउंड’ महोत्सवाच्या प्रसंगातही तेच झाले, तेव्हा कळले की हे ठरवून केलेले आहे.

यामागचा विचार मला समजतो. जो आवाज हजारो वाचकांनी आपापल्या मनात वर्षानुवर्षे ऐकला आहे, तो कोणत्या गायकाने द्यायचा? पण मांगात सारेच मुके असते. ड्रम मुका, गिटार मुकी, टाळ्याही मुक्या. त्यामुळे कोयुकीचा आवाज ऐकू येत नाही हे वाचताना जाणवतच नाही. आपण सगळाच नाद मनात उभा करत असतो आणि त्यातच तोही उभा राहतो. चित्रपटात बँडमधल्या चिबाचे रॅप स्पष्ट ऐकू येते, बेस गिटार छातीत घुमते, गर्दीचा गलका ऐकू येतो आणि त्या सगळ्यामध्ये नेमका तोच एक आवाज नसतो. छापील पानावर जी शांतता होती, ती इथे पोकळी होऊन समोर येते, असे मला वाटते.

तर जाणकारांना माझा प्रश्न असा आहे की हा निर्णय तुम्हाला योग्य वाटतो का, आणि बँडवरच्या इतर मांगांचे चित्रपट करणाऱ्यांनी ही अडचण कशी सोडवली?

मंद्रसप्तक

पानगळ, आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण या चित्रपटाबद्दल लोक बहुधा अभिनेत्यांच्या दिसण्यावर बोलून थांबतात. माझे मत आपल्यापेक्षा वेगळे आहे. ते मांडण्याआधी दुसऱ्या एका चित्रपटाविषयी सविस्तर लिहितो, कारण त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय ‘बेक’चा निर्णय नीट कळत नाही.

आय याझावा यांची ‘नाना’ ही मालिका ‘कुकी’ या मासिकात २००० पासून येऊ लागली आणि लेखिकेच्या आजारपणामुळे २००९ पासून ती थांबलेली आहे. तिच्यावरचा केंतारो ओतानी यांचा चित्रपट सप्टेंबर २००५ मध्ये प्रदर्शित झाला. बर्फामुळे अडकलेल्या टोकियोच्या गाडीत एकाच वयाच्या, एकाच नावाच्या दोन मुली शेजारी बसतात, तिथून ही कथा सुरू होते. एक नाना प्रियकराच्या ओढीने शहरात निघालेली आहे, तर दुसरी आपला ‘ब्लॅक स्टोन्स’ हा बँड मोठा करण्यासाठी. या दुसऱ्या नानाच्या, म्हणजे नाना ओसाकीच्या, भूमिकेसाठी निर्मात्यांनी अभिनेत्री शोधून तिला गाणे शिकवले नाही. त्यांनी मिका नाकाशिमा या गायिकेला घेतले आणि तिच्याकडून अभिनय करून घेतला. २००१ पासून जपानी श्रोते तिला ओळखत होते. म्हणजे नाना मंचावर आली की प्रेक्षकाला तिच्या गाण्याबद्दल शंका घ्यायला जागाच उरत नव्हती.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ‘ग्लॅमरस स्काय’ या त्या चित्रपटाच्या मुख्य गाण्याचे शब्द स्वतः याझावा यांनी लिहिले आणि चाल ‘लार्क-आँ-सिएल’ या बँडचे गायक हाइड यांनी दिली. ज्या बाईंनी नानाला कागदावर जन्म दिला, त्यांनीच तिच्या तोंडी शब्द घातले. त्यामुळे हे गाणे बाहेरून आणून चिकटवलेले वाटत नाही.

त्याच चित्रपटात ‘ट्रॅपनेस्ट’ हा प्रतिस्पर्धी बँड आहे आणि त्याची गायिका रेइरा हिचा आवाज ऐकून माणसे स्तब्ध होतात, असे कथा सांगते. ही मागणी कोयुकीच्या मागणीच्या बरीच जवळ जाते. तिथे त्यांनी नेमके उलटे केले आणि युना इतो ही अगदी नवी गायिका आणली. ‘एंडलेस स्टोरी’ हे त्या चित्रपटातले गाणेच तिचे पहिले गाणे ठरले. ओळखीचा आवाज ऐकला की आपण तो गायकाच्या नावावर जमा करतो. अनोळखी आवाज मात्र पात्राचाच होऊन जातो. एकाच चित्रपटात दोन गायिकांसाठी दोन वेगळे विचार केले गेले, याचे मला आजही कौतुक वाटते.

आता ‘बेक’कडे येतो. नाना चांगली गायिका आहे, तिच्यात आग आहे, ती लोकांना खेचून घेते, एवढेच ‘नाना’ची कथा म्हणते. ‘बेक’ची कथा त्याच्या पलीकडे जाते. या मुलाचा आवाज ज्याने ऐकला त्याचे आयुष्य थोडे बदलते, भाषा न कळणारा माणूसही थबकतो, असे ती पानोपानी सांगत राहते. हे वचन कुठलाही खरा गळा पाळू शकणार नाही. कितीही मोठा गायक आणला असता, तरी निम्मे प्रेक्षक घरी जाताना म्हणाले असते की आवाज बरा होता, पण कोयुकीचा हा नव्हे. त्सुत्सुमी यांनी ही हार आधीच ओळखली आणि ती जागा मोकळी सोडली. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. ज्या प्रेक्षकाने मालिका वाचली आहे, त्याच्या मनातला आवाज त्यांनी त्याच्याकडेच राहू दिला.

मालिका न वाचता आलेल्या प्रेक्षकाचे काय, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो, हे मला मान्य आहे. त्याच्या मनात आधीचा कुठलाच आवाज नसतो.

निशिकासाईकर

मी अनेक वर्षे टोकियोच्या एदोगावा भागात राहतो आणि ‘बेक’ मूळ जपानीतून वाचलेली आहे. वरच्या दोन्ही मतांमध्ये एक बाजू राहून गेली आहे असे वाटल्यामुळे लिहीत आहे. ती बाजू भाषेची आहे.

र्‍युसुके आणि त्याची बहीण माहो ही अमेरिकेत राहून आलेली भावंडे आहेत. ती सहज इंग्रजी बोलतात, तर कोयुकीचे इंग्रजी शाळेपुरतेच आहे. बँडची गाणी मात्र बऱ्याच अंशी इंग्रजी आहेत आणि पुढे हा बँड अमेरिकेलाही जातो. कागदावर यात काहीच अडचण येत नाही, कारण कोयुकीचे उच्चार कसे आहेत हे कागदावर ऐकू येत नाही. ज्या क्षणी खरा गळा येतो, त्या क्षणी उच्चारही येतात. मॅडहाउस या संस्थेने २००४-०५ मध्ये याच मालिकेवर २६ भागांची रेखाचित्रांची दूरचित्रवाणी मालिका, म्हणजे अ‍ॅनिमे केली, तेव्हा त्यांनी कोयुकीला आवाज दिला आणि तो इंग्रजीत गायलाही. मला ती गाणी मनापासून आवडतात, परंतु ज्यांचा कान इंग्रजी गाण्यांवर तयार झाला आहे असे माझे काही स्नेही पहिल्याच कडव्याला शब्दांत अडकले आणि सुरापर्यंत पोहोचलेच नाहीत. आपल्याकडेही दुसऱ्या भाषेतल्या गायकाने मराठी पद म्हटले आणि एखादा ‘ळ’ घसरला, की उरलेले गाणे कितीही सुरेल असले तरी आपले लक्ष त्या ‘ळ’वरच राहते. चित्रपटातल्या शांततेमुळे ही अडचण टळली, आणि ही लहान गोष्ट नाही.

दुसरा मुद्दा महोत्सवाचा. ‘ग्रेटफुल साउंड’ काल्पनिक आहे, परंतु तो वाचताना प्रत्येक जपानी वाचकाच्या डोळ्यांपुढे फुजी रॉक हा खराखुरा संगीत महोत्सव येतो. निइगाता प्रांतातल्या नाएबा येथे डोंगरउतारावर तो १९९९ पासून भरतो, आणि ‘बेक’ मासिकात सुरू झाली तेही याच वर्षी. मी तिथे दोनदा गेलो आहे. अशा ठिकाणी एका मंचाकडून दुसऱ्या मंचाकडे झाडीतून चालत जावे लागते, आणि पुढे कोण गाते आहे हे दिसण्याआधी त्याचा आवाज येतो. कित्येकदा चालणारी माणसे त्या आवाजामुळे वाट बदलतात. लहान मंचापुढे गर्दी जमते ती अशीच. मालिकेत ‘बेक’ला धाकट्या मंचावर जागा मिळते आणि मुख्य मंचाकडची माणसे हळूहळू तिकडे वळू लागतात, तो प्रसंग माझ्या दृष्टीने सबंध मालिकेत सर्वांत खरा उतरलेला आहे. माणसांना ओढून आणणारी गोष्टच ऐकू येत नसेल, तर ती का वळली याचे उत्तर प्रेक्षकाला फक्त त्यांच्या चेहऱ्यांवरून काढावे लागते. या एका प्रसंगापुरता मी पानगळ यांच्या बाजूने आहे.

आणखी एक. चित्रपटाच्या सुरुवातीला रेड हॉट चिली पेपर्स या अमेरिकी बँडचे एक गाणे आणि शेवटी ओएसिस या ब्रिटिश बँडचे ‘डोन्ट लुक बॅक इन अँगर’ हे गाणे वाजते. दोन्ही गाणी मला प्रिय आहेत. परंतु दोन तास ज्याचा आवाज झाकून ठेवला, त्याची कथा संपताच ओएसिसच्या नोएल गॅलाघर यांचा जगाला पाठ असलेला आवाज पडद्यावर येतो, तेव्हा मनातल्या मनात जो कोयुकी गात होता तो एकदम पुसला जातो. ते गाणे तिथे नको होते. श्रेयनामावली वाद्यांच्या सुरावटीवर गेली असती, तरी चालले असते.

पानगळ

मंद्रसप्तक आणि निशिकासाईकर, दोघांचेही मनापासून आभार. रेइरा आणि नाना यांच्यासाठी वेगवेगळा विचार झाला होता, हे माझ्या लक्षात आले नव्हते. उच्चारांचा मुद्दा तर मला सुचलाच नसता, आणि तो वाचल्यावर माझा विरोध थोडा सैलही झाला आहे.

तरीही एक शंका राहते. आवाज द्यायचा नाही हे एकदा ठरवल्यावर, तो न देण्याच्या काही पद्धती असतील ना? कोयुकीचा आवाज काढून घेताना बाकीचे सगळे जसेच्या तसे ठेवणे, हीच एक वाट होती का?

सहावी तार

मी एका लहान रेकॉर्डिंग स्टुडिओत ध्वनिमिश्रणाचे काम करतो आणि गिटारही वाजवतो. पानगळ यांची ही शेवटची शंकाच माझ्या मते खरा प्रश्न आहे.

बँडच्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक वाद्य आणि गायकाचा आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर असतो, आणि मिश्रण करताना गायकासाठी मुद्दाम जागा ठेवली जाते. माणसाच्या आवाजाचे शब्द ज्या पट्टीत स्पष्ट होतात, त्या पट्टीत गिटार थोडी खाली घेतात, झांजांचा झणझणाट कमी करतात, आणि गाण्याची ओळ सुरू होते तिथे गिटारवादकाने भरगच्च वाजवू नये असे पाहतात. असे मिश्रण झाल्यावर गायकाचा ट्रॅक बंद केला, तर उरलेले संगीत खुर्चीवरून माणूस उठून गेल्यासारखे वाटते, कारण ती खुर्ची त्याच्या मापाची केलेली असते. कराओके ऐकताना आपल्याला हे जाणवते, फक्त तिथे आपणच गाणार असल्यामुळे ते खटकत नाही. ‘बेक’मध्ये पानगळ यांना पोकळी जाणवली, तिचे कारण बहुधा हेच आहे.

दुसरी वाट होती. आवाज लागला त्या क्षणी सगळाच नाद हळूहळू मागे न्यायचा, आधी गर्दी, मग ड्रम, मग तारा, आणि अखेरीस फक्त जागेचा श्वास ठेवायचा. मांगात साकुइशी जे करतात त्याच्या हे जास्त जवळ गेले असते. गाणे ऐन भरात आले की त्यांच्या पानावरचे संवादाचे फुगे कमी होतात, चौकटी मोठ्या होत जातात आणि कधी दोन पानांवर पसरलेले एकच चित्र उरते. पान मुके असूनही वाचक त्या ठिकाणी थांबतो, कारण आधीची पाने बोलकी असतात.

यावरून मला ताकाहिरो मिकी यांचा ‘सोलानिन’ आठवतो. तो एप्रिल २०१० मध्ये आला आणि ‘बेक’ सप्टेंबरमध्ये, म्हणजे दोन्ही एकाच वर्षातले. केंता किरितानी हे अभिनेते दोन्हींत आहेत, एकात ड्रम वाजवतात आणि दुसऱ्यात चिबा होऊन रॅप करतात. ज्यांनी ‘सोलानिन’ पाहिलेला नाही त्यांनी यापुढचा परिच्छेद वगळावा, कारण त्यात कथेचा महत्त्वाचा भाग उघड होतो.

इनिओ आसानो यांच्या दोन खंडांच्या या मांगात मेइको नावाची मुलगी कंटाळून कार्यालयातली नोकरी सोडते. तिचा जोडीदार तानेदा मित्रांबरोबर एक लहान बँड चालवतो. अपघातात तानेदा जातो. मग मेइको त्याची गिटार उचलते, बोटे सोलवटेपर्यंत सराव करते, आणि त्याने लिहिलेले एक गाणे एकदाच लोकांपुढे गाते. त्या गाण्याचे शब्द आसानो यांनी मांगातच छापले होते, आणि चित्रपटासाठी एशियन कुंग-फू जनरेशन या बँडने त्यांना चाल दिली. पडद्यावर ते स्वतः आओई मियाझाकी गातात. ‘नाना’मध्ये दुसरी, न गाणारी नाना झाल्या होत्या त्याच या. त्यांचा आवाज कसलेला नाही आणि वरच्या सुरांवर तो ताणला जातो. परंतु मेइकोने गिटार हाती घेऊन काही महिनेच झाले आहेत, त्यामुळे तो आवाज तसाच असायला हवा होता. शेजारी बेस वाजवणारे योइची कोंदो हे साम्बोमास्टर या बँडचे खरे बेसवादक आहेत, आणि त्यांच्या आधारामुळे तिघांचे वादन कच्चे असूनही विस्कटत नाही. ते गाणे मी कामासाठी म्हणून ऐकायला बसलो होतो. त्या दिवशी त्यानंतर काम झाले नाही.

मंद्रसप्तक म्हणतात ते मला पटते, की कथेने काय वचन दिले आहे यावर सगळे अवलंबून असते. ‘सोलानिन’ने एका सामान्य मुलीच्या एका गाण्याचे वचन दिले होते आणि ते खऱ्या आवाजात पाळता येण्याजोगे होते. ‘बेक’चे वचन तसे नव्हते, म्हणून आवाज न देण्याचा निर्णय मला चूक वाटत नाही. मला चूक वाटते ती मिश्रणात. पानगळ, आपल्याला वेळ असेल तर एक करून पाहावे. महोत्सवाच्या प्रसंगात कोयुकी गाऊ लागला की दूरदर्शन संचाचा आवाज पूर्ण बंद करावा आणि तो प्रसंग तसाच पाहावा.

पानगळ

सहावी तार, काल रात्री आपण सांगितल्याप्रमाणे करून पाहिले.

आवाज पूर्ण बंद केल्यावर प्रसंग बराच बदलला. आधी माझे लक्ष सतत न ऐकू येणाऱ्या ओळीकडे लागलेले होते. या वेळी मी सातो यांच्याकडे पाहत राहिलो, आणि प्रथमच असे वाटले की हा मुलगा श्वास नेमका कुठे घेतो आहे हे मला दिसते आहे. ऐकणाऱ्यांचे चेहरेही वेगळे भासले. आधी ते मला अतिरंजित वाटले होते, कारण मी ऐकत असलेल्या संगीतात तसे चेहरे होण्यासारखे काही नव्हते. खिडकीबाहेर पाऊस सुरू होता आणि तेवढाच नाद खोलीत होता.

मग खंड उघडून तोच प्रसंग शेजारी ठेवला आणि पाने उलटत पुन्हा एकदा चित्रपट लावला. फक्त एके ठिकाणी घोटाळा झाला. गाणे संपले केव्हा हे मला कळले नाही. मांगात ते कळते, कारण टाळ्यांचा नाद काताकाना या जपानी लिपीत, जाड अक्षरांत चित्रावरच लिहिलेला असतो. इथे माझे बोट आवाज सुरू करण्याच्या बटणावर होते आणि ते मी काही क्षण उशिरा दाबले. तोवर टाळ्या अर्ध्या होऊन गेल्या होत्या.

‘सोलानिन’ रविवारी पाहणार आहे. आपला तो परिच्छेद मी वगळला नाही, तो वाचूनच पाहणार आहे.